घरबसल्या शिकायचं की घरातून उठून जायचं? बडोद्यातल्या माझ्या भाचीच्या पार्टटाइम एमबीएचं प्रकरण

मे २०२३ मधला रविवार. आमरस-पोळी झाली होती, मी जरा आडवी होणार तेवढ्यात माझी भाची लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, मावशी, आज रात्री बारापर्यंत पैसे भरले तर चाळीस हजार कमी होतायत, भरू का? मी म्हटलं अगं कसले पैसे, आधी बस तरी. मग कळलं की एका मोठ्या नावाच्या संस्थेचा अकरा महिन्यांचा ऑनलाइन मार्केटिंग कोर्स आहे, एक लाख नव्वद हजार फी आणि वर अठरा टक्के जीएसटी म्हणजे दोन लाख चोवीस हजार दोनशे, आणि चार दिवसांपासून एक मुलगा तिला दिवसातून तीनदा फोन करतोय. त्या रात्री पैसे भरले नाहीत. त्यानंतर महिनाभर आम्ही दोघींनी बसून जे काय केलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्याकडे नोकरी करणारी बरीच पोरं हाच प्रश्न घेऊन येतात आणि बहुतेक जण फी आणि नाव याच्यापुढे जातच नाहीत.

आधी ती कोण ते सांगते. तेव्हा वय एकतीस, बीएससी, मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका कारखान्यात सात वर्षं सेल्स कोऑर्डिनेटर. कारखाना ट्रान्सफॉर्मरची बुशिंग (ज्यातून विजेची तार ट्रान्सफॉर्मरच्या आत-बाहेर जाते ते इन्सुलेटर) आणि बाकी सुटे भाग बनवतो. बडोद्यात ट्रान्सफॉर्मरचा धंदा किती पसरलाय ते इथल्यांना सांगायला नको, प्रत्येक दुसऱ्या घरातलं कुणीतरी त्या लाइनीत असतं. तिचं काम म्हणजे चौकशी आली की कोटेशन बनवायचं, फॉलोअप करायचा, ऑर्डर आली की डिस्पॅचच्या मागे लागायचं, आणि मार्चमध्ये रात्री नऊ-नऊपर्यंत थांबायचं. घर दांडिया बाजारात, जुन्या वाड्याचा वरचा मजला, सासू-सासरे, नवरा रेल्वेत प्रतापनगरला, आणि सहा वर्षांचा मुलगा.

कंपनीत प्रॉडक्ट मार्केटिंगचं एक नवीन टेबल सुरू होणार होतं. तिला ते हवं होतं, आणि खरं सांगायचं तर तिथे बसायची लायकी तिच्यात होती, कुठल्या गिऱ्हाइकाला काय लागतं ते तिला तोंडपाठ. पण एचआरच्या कागदावर लिहिलं होतं मॅनेजमेंटमधली पदव्युत्तर पदवी. पदवी हा शब्द नीट वाचा, मी तिलाही तीनदा वाचायला लावला.

याचं कारण माझं स्वतःचं आहे. १९९६ साली मी नोकरी करत पत्राने मार्केटिंगचा पीजी डिप्लोमा केला. रात्री साडेदहानंतर स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसून, असाइनमेंट पोस्टाने पाठवून, दीड वर्ष. पास झाले, पेढे वाटले, सर्टिफिकेट घेऊन साहेबांकडे गेले तर त्यांनी नियमाचा कागद काढून दाखवला, पदवी पाहिजे, डिप्लोमा चालणार नाही. ती जागा दुसऱ्याला गेली. चूक कंपनीची म्हणा, माझी म्हणा, पण दीड वर्ष मी एकदाही तो नियम जाऊन वाचला नव्हता ही गोष्ट मला आजही टोचते. पुढे त्याच कंपनीच्या ट्रेनिंग खात्यात बावीस वर्षं काढली, आणि कोणी कोर्सचं विचारायला आलं की माझा पहिला प्रश्न एकच असायचा, हा कागद नेमका कुणाला दाखवायचाय?

तर भाचीला सांगितलं की आधी उद्या ऑफिसात जा आणि एचआरला लेखी विचार. तिने ईमेल टाकला, की ऑनलाइन सर्टिफिकेट चालेल का, पीजीडीएम म्हणजे मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा चालेल का, डिस्टन्सचं एमबीए चालेल का. तीन दिवसांनी उत्तर आलं: सर्टिफिकेट नाही, मान्यताप्राप्त पदवी कुठल्याही पद्धतीने केलेली चालेल, पीजीडीएम असेल तर एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मान्यता आणि एमबीएशी समकक्षता दाखवावी लागेल. एका ईमेलने दोन लाख चोवीस हजार वाचले.

हा फरक लोकांना खरंच माहीत नसतो म्हणून थोडं थांबून सांगते. आपल्याकडे डिग्री द्यायचा अधिकार यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. आयआयएमसुद्धा कितीतरी वर्षं डिप्लोमाच देत होत्या, २०१७ चा आयआयएम कायदा झाला आणि मग त्यांना डिग्री देता यायला लागली. म्हणजे संस्था कितीही मोठी असो, तिचा अकरा महिन्यांचा कोर्स सर्टिफिकेटचाच राहतो. त्यात शिकायला मिळत नाही असं मी म्हणत नाही, ज्याच्याकडे एमबीए आधीच आहे आणि फक्त डिजिटल मार्केटिंग नव्याने शिकायचंय त्याला तो कोर्स उत्तम. एक सोपी खूण म्हणजे जीएसटी. कायद्याने मान्य डिग्रीच्या फीवर जीएसटी लागत नाही, अशा सर्टिफिकेटवर लागतो. फीच्या खाली अठरा टक्के दिसले की विचारायचं हे नेमकं काय देणार आहात.

आणि दुसरीकडे डिस्टन्स म्हणजे खालच्या दर्जाचं असं जे आपल्या पिढीच्या डोक्यात बसलंय तेही आता खरं नाही. यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की मान्यता असलेल्या संस्थांची ओपन, डिस्टन्स किंवा ऑनलाइन डिग्री ही नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची मानायची. फक्त ती संस्था आणि तो कोर्स त्या वर्षाच्या यूजीसीच्या यादीत आहे का ते स्वतः बघायचं, फोनवरच्या मुलाच्या सांगण्यावर जायचं नाही. जानेवारी २०२२ मध्ये यूजीसीने असंही बजावलं होतं की विद्यापीठांनी डिस्टन्सचे कोर्स एडटेक कंपन्यांना फ्रँचायझीवर द्यायचे नाहीत. आता २०२४ पासून तर अशा कोर्सला प्रवेश घ्यायचा तर विद्यार्थ्याचा डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या डिस्टन्स विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो, तेव्हा आमच्या वेळी नव्हतं.

सर्टिफिकेट गेलं. अहमदाबादला शनिवार-रविवार जाऊन करायचा एक कोर्स तिच्या यादीत होता, तो नवऱ्यानेच पाच मिनिटांत उडवला, जाऊन-येऊन दर आठवड्याला सव्वादोनशे किलोमीटर आणि तिच्या कारखान्यात शनिवार चालू. उरले दोन. एक, इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, डिस्टन्सने करायचं मार्केटिंगमधलं एमबीए. दुसरं, आपल्या बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीच्या (एमएसयू) मॅनेजमेंट फॅकल्टीचं संध्याकाळचं एमबीए, तीन वर्षांचं.

घरात सगळ्यांचं मत इग्नू. नवरा म्हणाला घरबसल्या होईल. सासरे म्हणाले पोराकडे लक्ष राहील. माझी बहीण, म्हणजे तिची आईसुद्धा म्हणाली, रात्री-अपरात्री कशाला बाहेर. माझंही तेच मत होत चाललं होतं, कारण इग्नूचं गणित कामाला फार चांगलं बसत होतं. परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, म्हणजे मार्चच्या क्लोजिंगला हात लागत नाही. असाइनमेंटला तीस टक्के, परीक्षेला सत्तर. कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त चार, म्हणजे एखादं सेमिस्टर कठीण गेलं तर पुढे ढकलता येतं. फी कमी. शिवाय पदवीवर मार्केटिंग असं लिहून येतं.

मग मी तिला हिशेब करायला बसवलं. इग्नूचं एमबीए ११६ क्रेडिटचं, आणि तिथे एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास धरतात. ११६ गुणिले ३० म्हणजे ३,४८० तास. दोन वर्षांत करायचं तर आठवड्याला साधारण साडेतेहतीस तास, नोकरी करून अशक्य. चार वर्षांत करायचं तर आठवड्याला पावणेसतरा. आता तिचा आठवडा: १६८ तास. नोकरी सहा दिवस साडेआठ तास म्हणजे ५१, येणं-जाणं ६, झोप ४९, स्वयंपाक आणि घरकाम २१, मुलगा आणि त्याचा अभ्यास १४. झाले १४१. उरले २७, त्यातून जेवण-आंघोळ-पूजा, आला-गेला असे दहा काढा. सतरा.

पावणेसतरा लागणार आणि सतरा आहेत. कागदावर अगदी टाचणी मारल्यासारखं बसलं. ती खूश झाली, म्हणाली मावशी ठरलं. मला मात्र काहीतरी खटकत होतं, कारण ते तास मी स्वतः एकदा शोधले होते, १९९६ साली, आणि रात्री साडेदहाच्या आधी ते सापडायचे नाहीत. म्हणून म्हटलं दोन आठवडे थांब, एक वही कर. रोज झोपताना लिहायचं की आज कुणी हाक न मारता सलग दीड तास कधी मिळाला. फक्त तेवढंच लिहायचं, बाकी काही नाही.

दोन आठवड्यांनी वही बघितली. चौदा दिवसांत तीन वेळा. त्यातला एक दीड तास ती दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसली होती.

बाकीचा वेळ होता, नव्हता असं नाही, पण तो पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत होता. कुकरची शिट्टी होईपर्यंतचा, मुलगा ट्यूशनहून येईपर्यंतचा, सासरे जेवायला बसेपर्यंतचा. तुकड्यांत माणूस मोबाइल बघू शकतो, भाजी निवडू शकतो, पण डिमांड इलॅस्टिसिटी किंवा संशोधन पद्धतीचं प्रकरण तुकड्यांत वाचून डोक्यात बसत नाही. आणि हे तुकडे का होतात, तर घरातले वाईट आहेत म्हणून नाही. अतिशय चांगली माणसं आहेत. पण घरात असलेली बाई म्हणजे हाकेला असलेली बाई, हे आपल्याकडे इतकं खोल मुरलंय की हाक मारणाऱ्याला आपण हाक मारली हेसुद्धा कळत नाही. पुस्तक उघडून बसलेली सून दिसली तर सासूबाई अगदी प्रेमाने विचारणार, चहा टाकू का, आणि मग सून उठणार, कारण सासूने चहा टाकावा आणि आपण बसून राहावं हे तिला स्वतःलाच जमत नाही.

तिथे माझं मत फिरलं. घरबसल्या शिकण्याची सोय ही नेमकी कुणाची सोय आहे? नवऱ्याची, सासऱ्यांची, पोराची, आईची, सगळ्यांची, कारण कुणाचंच काही बदलावं लागत नाही. जिच्यासाठी कोर्स करायचा तिच्याच वाट्याला सोय येत नाही. ज्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या मालकीचा आहे त्याला लवचिक कोर्स वरदान, आणि जिचा वेळ सगळ्यांच्या मालकीचा आहे तिला ठरलेल्या वेळेचा, ठरलेल्या बाकावरचा, हजेरी घेणारा क्लास जास्त सोयीचा. उलटं वाटतं, पण तसं आहे. क्लासला गेलेल्या माणसाला हाक मारता येत नाही.

माझ्या पुतण्याचं उदाहरण देते म्हणजे मी डिस्टन्सच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नये. तो औषध कंपनीत, महिन्यातले बारा-तेरा दिवस गोधरा, दाहोद, भरूच असा फिरतीवर, लॉजवर एकटा, संध्याकाळी सात ते दहा त्याला विचारणारं कुणी नाही. त्याला संध्याकाळचा क्लास म्हणजे गैरहजेरीच गैरहजेरी. त्याला मी त्याच महिन्यात इग्नूचा फॉर्म भरायला लावला आणि तो व्यवस्थित चाललाय.

भाचीच्या बाबतीत नकाशासुद्धा बाजूने होता. मकरपुऱ्याहून साडेपाचला निघालं की घर वाटेत लागतं आणि युनिव्हर्सिटी घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं, पूल ओलांडला की आलंच. म्हणजे क्लास नोकरीच्या विरुद्ध दिशेला नव्हता. हे फार महत्त्वाचं असतं, ज्या कोर्ससाठी घर ओलांडून परत उलटं जावं लागतं तो पावसाळ्यात सुटतो, मी कितीतरी जणांचं बघितलंय. एमएसयूत शिकवणं इंग्रजीतून, त्याची तिला थोडी धास्ती होती, कारण शाळा मराठी आणि कॉलेजात जेमतेम बोलणं. पण कोटेशन आणि ईमेल सात वर्षं इंग्रजीतच लिहीत होती, मी म्हटलं तू रोज जे करतेस तेच आहे.

आता घरच्यांशी बोलायचं. हा भाग मी टाळू शकले असते, भाचीने परस्पर सांगितलं असतं, पण मला वाटलं मोठं माणूस बरोबर असावं. एका शनिवारी रात्री गेले. विहीणबाईंनी पोहे केले, इकडचं तिकडचं झालं, मग मी ती वही काढून समोर ठेवली. कुणाला दोष दिला नाही, फक्त चौदा दिवस आणि तीन खुणा दाखवल्या. जावईबापू बराच वेळ वही बघत बसले. म्हणाले, मावशी, मला वाटायचं ही रात्री नऊनंतर मोकळीच असते. सासरे म्हणाले, तीन वर्षं म्हणजे फार होतात. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आत गेल्या, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, विहीणबाई, शिकायला मी नाही म्हणणार नाही, मी मॅट्रिकला असताना माझं लग्न झालं. पण संध्याकाळचा स्वयंपाक मला एकटीला होणार नाही, गुडघे दुखतात.

खरी अडचण तीच होती आणि ती त्यांनी सरळ सांगितली याचा मला फार आदर वाटला. मग ठरलं ते असं: सकाळी भाची दोन्ही वेळची भाजी करून जाणार, संध्याकाळी फक्त खिचडी किंवा भाकरी, आठवड्यातले तीन दिवस पोळ्यांना बाई लावायची, तिचे पैसे कोर्सच्या खर्चातच धरायचे. जावईबापू सहाला सुटतात, ते सरळ घरी येणार आणि मुलाचा गृहपाठ त्यांच्याकडे. पोळ्यांच्या बाईचा पगार कोर्सच्या खर्चात धरला हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणं कलम वाटतं. लोक फी मोजतात, पेट्रोल मोजतात, आणि घरात त्या वेळेचं काम कोण करणार याचे पैसे कुणी मोजत नाही, मग ते काम गुपचूप त्याच बाईच्या अंगावर रात्री अकराला येऊन पडतं.

कंपनीने आणखी एक गाजर दाखवलं. अर्धी फी आम्ही देतो, पण कोर्स संपल्यावर दोन वर्षांचा बाँड. तीन अधिक दोन म्हणजे पाच वर्षं बांधून घेणं. फी काही डोंगराएवढी नव्हती, मी म्हटलं पैसे नको मागू, वेळ माग. तिने लेखी मागितलं की क्लासच्या दिवशी साडेपाचला सोडावं आणि परीक्षेआधी दहा दिवस तिची शिल्लक रजा नाकारू नये. ते मिळालं, त्यांना ते स्वस्तच पडलं. जून २०२३ मध्ये प्रवेशपरीक्षा-बिरीक्षा सगळं पार पडून जुलैत क्लास सुरू.

पहिलं सेमिस्टर वाईट गेलं. ठरवलेलं सगळं पहिल्या महिन्यात ढासळलं, मुलगा रोज सहा वाजता दारात उभा राहून रडायचा, गणपतीत घरी पाहुणे, नवरात्रात अख्खं शहर गरब्याला आणि ही बाई अकाउंट्सच्या वहीत. आणि अकाउंट्समध्येच ती नापास झाली. बीएससीवाली, डेबिट-क्रेडिटशी आयुष्यात संबंध नाही, आणि मी मात्र मार्केटिंगचा कोर्स मार्केटिंगचा कोर्स करत राहिले, पहिल्या वर्षाला सगळंच असतं, अकाउंट्स, स्टॅटिस्टिक्स, अर्थशास्त्र, हे तिला आधी नीट सांगितलंच नाही. ही माझी चूक. मार्केटिंगचं म्हणून जे शिकायचं असतं ते एमबीएमध्ये बरंच पुढे येतं, तोपर्यंत तग धरावा लागतो. ज्यांनी कॉमर्स केलेलं नाही त्यांनी क्लास सुरू व्हायच्या आधी दोन महिने अकाउंट्सची बाराखडी कुणाकडून तरी शिकून घ्यावी, हे आता मी प्रत्येकाला सांगते. तिला शेवटी शेजारच्या वाड्यातल्या एका निवृत्त ऑडिटर काकांनी रविवारी सकाळी शिकवलं आणि पुढच्या वेळी विषय सुटला.

पण त्याच वर्षी एक गोष्ट अशी घडली की तिचं आणि माझं दोघींचं समाधान झालं. मार्केटिंगच्या तासाला कारखाने माल कसा विकत घेतात हे चाललं होतं. १९७२ मध्ये वेबस्टर आणि विंड या दोघांनी मांडलेली एक कल्पना आहे, बाइंग सेंटर. म्हणजे कंपनी माल घेते तेव्हा घेणारा एक माणूस नसतो, त्यात वापरणारा असतो, सल्ला देऊन वजन टाकणारा असतो, ठरवणारा असतो, प्रत्यक्ष ऑर्डर काढणारा असतो, आणि माहिती आत सोडायची की नाही हे हातात असलेला दारावरचा माणूसही असतो. आपण मराठीत सरळ म्हणू की लग्नात मुलीला पसंत कोण करतं आणि होकार कोण देतो हे वेगवेगळं असतं, तसंच. भाची दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेली आणि जेवणाच्या सुट्टीत मागच्या वर्षी हुकलेली कोटेशनं काढून बसली. तिच्या साहेबांचं कायमचं म्हणणं की आपण भावात मार खातो. तिने फोन करकरून विचारलं तर बऱ्याच ठिकाणी भाव हा मुद्दाच नव्हता. कोटेशन पर्चेसला जात होतं आणि पर्चेसवाला डिझाइनच्या इंजिनिअरला विचारत होता की यांच्या बुशिंगचा टाइप टेस्ट रिपोर्ट, म्हणजे त्या डिझाइनची लॅबमध्ये चाचणी झाल्याचा कागद, कुठाय, आणि तो रिपोर्ट कोटेशनला कधी जोडलेलाच नसायचा, मागितल्यावर चार दिवसांनी जायचा. इरडा या विजेच्या उपकरणांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेची लॅब यांच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर, मकरपुऱ्यातच, १९७४ पासून, टेस्ट झालेल्या, रिपोर्ट कपाटात. नुसता पाठवत नव्हते, तेही ज्याला पाहिजे त्या माणसाला.

तिने कोटेशनच्या एक्सेलमध्ये दोन रकाने वाढवले, टेक्निकल बाजूने कोण बघतं आणि त्याला काय पाठवलं. एवढंच. साहेबांनी आधी कटकट केली, मग एप्रिलमध्ये मीटिंगला तोच तक्ता स्वतः घेऊन गेले.

मला यात जे दिसतं ते असं की नोकरी करत शिकण्याचा खरा फायदा हा आहे, संध्याकाळी ऐकलं आणि सकाळी करून बघितलं. फुलटाइमवाल्या मुलांना हे मिळत नाही, त्यांना उदाहरणं पुस्तकातलीच. म्हणून मी असंही म्हणेन की ज्याच्या नोकरीचा गिऱ्हाइकाशी काही संबंधच नाही त्याने आधी कंपनीत बदली मागून सेल्सकडे यावं आणि मग मार्केटिंगचा पार्टटाइम कोर्स घ्यावा.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शहराचे दोन तुकडे झाले, दांडिया बाजार एका काठाला आणि युनिव्हर्सिटी दुसऱ्या. कारखाना बंद, घरात वीज नाही, खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं सामान वर आणून ठेवलेलं. क्लासमधल्या चौघींनी फोनवर एकमेकींना नोट्स वाचून दाखवल्या, ज्याच्याकडे चार्जिंग असेल त्याने वाचायचं. या चौघी म्हणजे एक बँकेतली, एक हॉस्पिटलच्या ऑफिसातली, एक वडिलांचं फरसाणचं दुकान सांभाळणारी आणि आमची. चौघीही घरातून तशाच वाटाघाटी करून आलेल्या. घरी एकटीने पुस्तक घेऊन बसली असती तर हे चार नंबर तिच्या मोबाइलमध्ये आले नसते. हा फायदा मी हिशेबात धरलाच नव्हता.

प्रॉडक्ट मार्केटिंगचं टेबल तिला एप्रिल २०२५ मध्ये मिळालं, पदवी हातात यायच्या आधीच, तात्पुरता चार्ज म्हणून. ग्रेड आणि पगार मात्र डिग्रीचा कागद दिल्यावरच, एचआरने ते स्वच्छ सांगितलंय. पगाराचा विचार केला तर तीन वर्षांत तिचं नुकसानच झालं म्हणायचं, मार्चमधला ओव्हरटाइम गेला, पोळ्यांची बाई, पेट्रोल, फी. ते भरून निघायला ग्रेड आल्यावरही वर्ष-दीड वर्ष लागेल, आम्ही मांडून बघितलंय.

आता शेवटचं सेमिस्टर चालू आहे. प्रोजेक्टला विषय घेतलाय की छोटे ट्रान्सफॉर्मर कारखानदार पुरवठादार कसा निवडतात, आणि त्यासाठी शनिवारी दुपारी अर्धा दिवस रजा टाकून वाघोडियापर्यंत फिरते आहे. परवा माझ्याकडे आली होती, म्हणाली मावशी, क्लास संपले की संध्याकाळचं काय करू, परत सगळं माझ्याकडे येणार ना. मी म्हटलं परत वही कर. तर म्हणाली वही नको, आईंनीच परवा पोळ्यांच्या बाईला सांगितलं की जूननंतर पण यायचंय, आणि मला म्हणाल्या मंगळवार आणि गुरुवार तू बाहेरच जा कुठेतरी, लायब्ररीत बस, घरी बसलीस तर मीच तुला हाक मारीन.